अल्पखर्ची आणि बिघाडसहिष्णू संदेशवहन जाळ्यांची रचना : जनुकीय अल्गोरिदमची उपयुक्तता आणि वसई परिसराचा संदर्भ

गोषवारा

संदेशवहनाचे जाळे कमीत कमी खर्चात उभे राहावे आणि त्यातील एखादा दुवा तुटला तरी संपर्क टिकून राहावा, या दोन अपेक्षा परस्परांना छेद देणाऱ्या आहेत. त्यांचा मेळ घालण्यासाठी संगणकशास्त्रात ज्या पद्धती वापरल्या जातात, त्यांपैकी जनुकीय अल्गोरिदम ही एक महत्त्वाची पद्धत होय. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे स्वरूप वसई तालुक्यातील उमेळे आणि लगतच्या गावांच्या एका काल्पनिक जाळ्याच्या आधारे स्पष्ट केले आहे. दुवे एकमेकांपासून स्वतंत्रपणे तुटतात हे प्रचलित गृहीतक पूरप्रवण किनारी प्रदेशात टिकत नाही. ते दुरुस्त केल्याशिवाय अल्गोरिदमने दिलेले उत्तर विश्वासार्ह ठरत नाही, हे येथे आकडेमोडीसह मांडले आहे.

बीजसंज्ञा : जनुकीय अल्गोरिदम, जाळ्याची विश्वसनीयता, वलय रचना, समान जोखीम, योग्यता-फलन, उमेळे.

१. प्रस्तावना

वसई तालुक्याची भौगोलिक रचना वैशिष्ट्यपूर्ण आहे. दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा नदी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर अशा चौकटीत हा प्रदेश वसलेला आहे. मुंबईकडे जाणारा लोहमार्ग नायगाव आणि भाईंदर यांच्या दरम्यान पाणजू बेटावरून खाडी ओलांडतो. नायगाव रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेकडील परिसरातील उमेळे हे गाव या प्रदेशाच्या दक्षिण भागात आहे. भोवतालची सखल जमीन, मिठागरे आणि खाडीचे सान्निध्य यांमुळे मुसळधार पाऊस व भरती एकत्र आल्यास येथे पाणी साचणे ही नवी गोष्ट नाही.

अशा प्रदेशात संपर्क तुटणे म्हणजे केवळ गैरसोय नव्हे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबई परिसरातील दूरध्वनी आणि भ्रमणध्वनी सेवा मोठ्या प्रमाणावर कोलमडली. आपली माणसे कोठे अडकली आहेत हे घरी कळण्याचा मार्गच त्यामुळे अनेकांसाठी बंद झाला. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा परिसरातील रुळांवर पाणी साचून रेल्वे वाहतूक ठप्प झाली आणि वसई-विरारच्या मोठ्या भागाचा वीजपुरवठाही खंडित झाला. रस्ता, रेल्वे, वीज आणि संदेशवहन या चारही व्यवस्था एकाच पाण्याने एकाच वेळी बाधित होतात, ही बाब या घटनांवरून लक्षात येते. पुढील विवेचनात या बाबीला मध्यवर्ती स्थान आहे.

२. किमान खर्चाचे जाळे आणि त्याची मूलभूत उणीव

काही ठिकाणे एकमेकांना जोडायची आहेत आणि प्रत्येक संभाव्य दुव्याचा खर्च ज्ञात आहे, अशी कल्पना केल्यास सर्वांत स्वस्त जोडणी शोधण्याचा प्रश्न गणिताने फार पूर्वी सोडविला आहे. मोराविया प्रांतातील विद्युतीकरणाच्या निमित्ताने ओताकार बोरूव्का यांनी १९२६ मध्ये त्याची रीत दिली. पुढे जोसेफ क्रुस्कल यांनी १९५६ मध्ये आणि रॉबर्ट प्रिम यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या रीती आजही पदवी अभ्यासक्रमात शिकविल्या जातात. या रीतींनी मिळणारी रचना वृक्षाच्या स्वरूपाची असते. तिच्यात कोणत्याही दोन ठिकाणांदरम्यान एक आणि एकच मार्ग असतो.

काटकसरीचे हे टोक म्हणजेच नाजूकपणाचेही टोक होय. वृक्षरचनेत अनावश्यक असा एकही दुवा नसतो. म्हणूनच कोणताही एक दुवा तुटला की जाळ्याचे दोन तुकडे होतात. स्वस्त जाळे कदाचित तकलादू निघेल असे येथे म्हणायचे नाही. सर्वांत स्वस्त जाळे रचनेनेच असे असते की, त्यातील प्रत्येक दुवा निर्णायक ठरतो. गावाला एकच साकव असावा आणि तो पावसाळ्यात वाहून जावा, तशी त्याची अवस्था असते.

भारतातील ग्रामीण ब्रॉडबँड योजनेचा प्रवास या दृष्टीने बोलका आहे. राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क या नावाने २०११ मध्ये मंजूर झालेली आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखली जाणारी ही योजना पहिल्या टप्प्यात मुख्यतः रेषीय रचनेवर आधारलेली होती. तालुक्याच्या ठिकाणाहून निघालेली तार ग्रामपंचायतीपर्यंत जाऊन थांबत असे. रस्त्याच्या कामात ती तुटली की पुढील गावांचा संपर्क जाई. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात ग्रामपंचायतींसाठी वलय रचना स्वीकारण्यात आली. या कार्यक्रमासाठी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली. रेषेपासून वलयाकडे झालेला हा प्रवास प्रस्तुत विषयाचे महत्त्व पुरेसे स्पष्ट करतो.

३. विश्वसनीयतेचे मोजमाप

जाळ्याची विश्वसनीयता म्हणजे कोणत्याही क्षणी सर्व ठिकाणे परस्परांशी जोडलेली असण्याची संभाव्यता. ही संकल्पना स्पष्ट करण्यासाठी उमेळे, नायगाव, जूचंद्र, माणिकपूर, पापडी आणि वसई गाव अशी सहा केंद्रे घेऊ. येथे विचारात घेतलेले जाळे केवळ उदाहरणादाखल कल्पिलेले आहे. कोणत्याही कंपनीच्या प्रत्यक्ष जाळ्याशी त्याचा संबंध नाही. पावसाळी परिस्थिती लक्षात घेऊन प्रत्येक दुवा चालू असण्याची संभाव्यता ०.९ आहे, असेही मानू.

ही सहा केंद्रे वृक्षरचनेने जोडण्यास पाच दुवे लागतात. पाचही दुवे चालू असतील तरच जाळे अखंड राहील. म्हणून विश्वसनीयता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.५९० इतकी येते. आता उमेळे, नायगाव, जूचंद्र, माणिकपूर, पापडी, वसई गाव आणि पुन्हा उमेळे असे वलय पूर्ण केले, तर दुवे सहा होतात. वलयातील कोणताही एक दुवा तुटला तरी संपर्क टिकतो. त्यामुळे विश्वसनीयता ०.८८६ होते. केवळ एका अधिक दुव्याने झालेली ही वाढ लक्षणीय आहे.

सातवा दुवा घालायचा झाल्यास तो कोठे घालावा, हा प्रश्न त्यानंतर उद्भवतो. उमेळे आणि पापडी जोडल्यास विश्वसनीयता ०.९३३ येते. उमेळे आणि वलयावरील त्याच्या बरोबर समोरचे माणिकपूर जोडल्यास ती ०.९३९ येते. दुव्यांची संख्या तीच असली तरी त्यांच्या स्थानामुळे फरक पडतो. दुवे वाढवीत नेले तर लाभ मात्र उत्तरोत्तर घटत जातो. नऊ दुव्यांच्या उत्तम रचनेत विश्वसनीयता ०.९९३ पर्यंत पोहोचते. परंतु वृक्षरचनेच्या तुलनेत तेथे जवळजवळ दुप्पट दुवे टाकावे लागतात. किती विश्वसनीयता हवी आणि तिच्यासाठी किती खर्च करावा, हा प्रश्न म्हणूनच आर्थिक आणि सामाजिक स्वरूपाचाही आहे.

४. पर्यायांची अफाट संख्या

सहा केंद्रांमध्ये १५ दुवे संभवतात. प्रत्येक दुवा घ्यावा किंवा न घ्यावा, असे दोन पर्याय असल्याने एकूण ३२,७६८ रचना होतात. साधा संगणकही त्या सर्व तपासू शकतो. केंद्रे दहा झाली की संभाव्य दुवे ४५ आणि रचना सुमारे ३५ लाख कोटी होतात. वीस केंद्रांसाठी संभाव्य दुवे १९० होतात आणि रचनांची संख्या ५८ अंकी येते. एखाद्या तालुक्यातील गावे वीसपेक्षा अधिकच असतात, हे लक्षात घेतल्यास प्रत्येक रचना तपासून पाहण्याचा मार्ग बंद होतो.

दुसरी अडचण याहूनही सूक्ष्म आहे. दिलेल्या एकाच जाळ्याची विश्वसनीयता अचूक काढणे हेही मोठ्या जाळ्यांसाठी अत्यंत कठीण गणन आहे. स्कॉट प्रोव्हन आणि मायकेल बॉल यांनी १९८३ मध्ये हे सिद्ध केले. म्हणजेच उमेदवारही असंख्य आणि प्रत्येक उमेदवाराची परीक्षाही अवघड, अशी ही दुहेरी अडचण आहे.

या प्रश्नाकडे संशोधकांचे लक्ष फार पूर्वीच गेले होते. पॉल बारन यांनी १९६४ मध्ये रँड कॉर्पोरेशनसाठी केलेल्या अभ्यासात, मध्यवर्ती केंद्रावर अवलंबून नसलेले आणि अतिरिक्त दुवे असलेले जाळे मोठी हानी सोसूनही कार्यरत राहू शकते, हे दाखविले. केनेथ स्टाइग्लिट्झ, पीटर वाइनर आणि डॅनियल क्लाइटमन यांनी १९६९ मध्ये किमान खर्चाच्या तग धरणाऱ्या जाळ्यांसाठी स्थानिक शोधाची पद्धत मांडली. हाती असलेल्या रचनेत थोडा फेरफार करावा, सुधारणा झाली तर ती ठेवावी, असे तिचे सूत्र होते. या पद्धतीची मर्यादा अशी की, जवळपासच्या रचनांत सर्वोत्तम असलेल्या ठिकाणी शोध अडकून पडतो. लहान टेकडीच्या माथ्यावर पोहोचलेल्या वाटसरूला दरीपलीकडील उंच डोंगराकडे जाण्यासाठी आधी खाली उतरावे लागते. ही पद्धत मात्र खाली उतरण्यास तयार नसते.

५. जनुकीय अल्गोरिदमची कार्यपद्धती

मिशिगन विद्यापीठातील जॉन हॉलंड यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून जनुकीय अल्गोरिदमची सैद्धांतिक पायाभरणी झाली. जीवसृष्टीतील निवड, संकर आणि उत्परिवर्तन या प्रक्रियांचे अनुकरण करून उत्तम उत्तराचा शोध घेणे हे या पद्धतीचे तत्त्व आहे. एकाच उत्तराला चिकटून न राहता ती अनेक उत्तरांचा समूह एकाच वेळी पुढे नेते. त्यामुळे एका टेकडीवर अडकून पडण्याचा धोका कमी होतो.

प्रथम प्रत्येक रचना गुणसूत्राच्या रूपात लिहिली जाते. वरील सहा केंद्रांच्या उदाहरणात गुणसूत्र १५ अंकांचे असेल. प्रत्येक अंक एका संभाव्य दुव्याचा निदर्शक होय; दुवा असल्यास १, नसल्यास ०. केंद्रांना वलयाच्या क्रमाने १ ते ६ क्रमांक दिल्यास पूर्वोक्त वलय १०००१ १००० १०० १० १ असे लिहिता येते. पहिले पाच अंक उमेळ्याचे इतर पाच केंद्रांशी असलेले संबंध दर्शवितात, पुढील चार अंक नायगावचे उरलेल्या चार केंद्रांशी, आणि याप्रमाणे पुढे. उमेळे–माणिकपूर दुवा वाढविणे म्हणजे तिसऱ्या स्थानावरील शून्याचा एक करणे होय.

अशा काही रचनांची पहिली पिढी यादृच्छिकपणे तयार केली जाते. प्रत्येक रचनेची योग्यता मोजली जाते आणि अधिक योग्य रचनांना पालक होण्याची अधिक संधी दिली जाते. दोन पालकांच्या अंकमालिका एका बिंदूपाशी छेदून त्यांचे भाग अदलाबदल केले की अपत्यरचना तयार होतात. ही संकराची क्रिया होय. त्यानंतर अल्प संभाव्यतेने एखादा अंक उलटविला जातो, त्यास उत्परिवर्तन म्हणतात. संकरामुळे दोन चांगल्या रचनांतील गुण एकत्र येऊ शकतात. उत्परिवर्तनामुळे समूहातून नाहीसे झालेले दुवे पुन्हा विचारात येतात. प्रत्येक पिढीतील सर्वोत्तम रचना जशीच्या तशी पुढील पिढीत नेण्याची प्रथा आहे, जेणेकरून हाती आलेले गमावले जाऊ नये.

जाळ्यांच्या बाबतीत एक विशेष काळजी घ्यावी लागते. दोन अखंड जाळ्यांच्या संकरातून तुटक जाळे जन्माला येऊ शकते. अशा अपत्याची दुरुस्ती करून त्यास आवश्यक तो दुवा जोडावा, अथवा योग्यतेत दंड आकारून त्यास मागे टाकावे, असे दोन मार्ग प्रचलित आहेत. दंड फार कठोर ठेवल्यास उत्तम रचनेच्या अगदी जवळ असलेल्या रचनाही बाद होतात; फार सौम्य ठेवल्यास स्वस्त पण तुटक रचनांची गर्दी होते. या दोहोंमधील तोल साधणे हे रचनाकाराच्या अनुभवावर अवलंबून असते.

६. योग्यता मोजण्याचा प्रश्न

विश्वसनीय जाळ्यांच्या रचनेसाठी ही पद्धत पद्धतशीरपणे वापरणाऱ्या संशोधनात तुर्कस्तानातील बेर्ना डेंगिझ व फुल्या अल्टिपारमाक आणि अमेरिकेतील अ‍ॅलिस स्मिथ यांच्या १९९७ मधील अभ्यासांचा उल्लेख आवर्जून करावा लागेल. विश्वसनीयता ठरावीक मर्यादेखाली जाऊ नये आणि खर्च किमान व्हावा, असे प्रश्नाचे रूप त्यांनी घेतले. जनुकीय अल्गोरिदमला स्थानिक शोधाची जोड दिल्यास परिणामकारकता वाढते, हेही त्यांनी दाखविले.

अचूक विश्वसनीयता काढणे अवघड असल्याने मोठ्या जाळ्यांसाठी मॉन्टे कार्लो पद्धतीचा आधार घेतला जातो. प्रत्येक दुव्यासाठी संगणकाने जणू नाणेफेक करावी, तुटलेले दुवे काढून टाकावेत आणि जाळे अखंड राहिले की नाही ते पाहावे. ही चाचणी अनेकदा केल्यास यशस्वी चाचण्यांचे प्रमाण म्हणजे विश्वसनीयतेचा अंदाज होय. परंतु या अंदाजातही त्रुटी असते आणि ती किती, हे आधी ठाऊक असणे आवश्यक आहे. विश्वसनीयता ०.९३९ च्या आसपास असताना एक हजार चाचण्या केल्यास अंदाजाची प्रमाणित त्रुटी सुमारे ०.००८ येते. उमेळे–पापडी आणि उमेळे–माणिकपूर या दोन पर्यायांतील फरक मात्र ०.००६ एवढाच आहे. म्हणजे एक हजार चाचण्यांवरून यांपैकी सरस कोण हे ठामपणे सांगता येणार नाही. एक लाख चाचण्या केल्यास त्रुटी ०.०००८ च्या जवळ येते आणि निवड अर्थपूर्ण ठरते. म्हणूनच निकृष्ट रचना सोप्या निकषांनी आधी गाळाव्यात आणि आशादायक रचनांचीच सखोल परीक्षा घ्यावी, अशी पद्धत अवलंबिली जाते.

७. स्वतंत्र बिघाडाचे गृहीतक

आतापर्यंतच्या सर्व आकडेमोडीमागे एक गृहीतक आहे. एक दुवा तुटण्याचा दुसऱ्या दुव्याशी संबंध नाही, असे त्यात मानले आहे. गणिताच्या सोयीसाठी ते रास्त असले तरी सखल किनारी प्रदेशात ते फसवे ठरते. गावात शिरणारा रस्ता एकच असेल तर दोन वेगवेगळ्या तारा एकाच चरातून टाकल्या जाण्याची शक्यता मोठी असते. खाडी, लोहमार्ग वा नाला ओलांडण्याच्या जागा मोजक्याच असतात. नकाशावर दोन दिसणाऱ्या रेषा जमिनीत एकाच मोरीतून गेलेल्या असतात. अशा दुव्यांना समान जोखमीचा गट असे म्हटले जाते.

आपल्या उदाहरणात उमेळ्यातून नायगावकडे आणि वसई गावाकडे जाणारे दोन्ही दुवे एकाच मोरीतून जातात आणि ती मोरी शाबूत राहण्याची संभाव्यता ०.९ आहे, असे मानू. दुवे स्वतंत्र असते तर दोन्ही एकाच वेळी तुटून उमेळे एकाकी पडण्याची संभाव्यता ०.०१ असती. समान मोरीमुळे ती ०.१ होते, धोका दहापट वाढतो. वलयाची विश्वसनीयताही ०.८८६ वरून ०.८५३ पर्यंत घसरते.

येथे उमेळे–माणिकपूर हा सातवा दुवा वाढविण्याचे ठरले आणि तोही त्याच मोरीतून नेला, तर काय होईल? स्वतंत्र बिघाड गृहीत धरणारा अल्गोरिदम विश्वसनीयता ०.९३९ सांगेल. प्रत्यक्षात ती ०.८८२ एवढीच असेल. मोरी वाहून गेली की उमेळ्याचे तिन्ही दुवे एकदमच जातील, आणि गाव एकाकी पडण्याची संभाव्यता ०.१ वर अढळ राहील. अधिक खर्च करून घातलेल्या या सात दुव्यांच्या जाळ्यापेक्षा, स्वतंत्र मार्गांनी टाकलेल्या सहा दुव्यांचे साधे वलय किंचित सरस ठरते. याउलट तोच सातवा दुवा वेगळ्या वाटेने नेला, तर विश्वसनीयता ०.९३८ येते आणि उमेळे एकाकी पडण्याची संभाव्यता ०.०१ पर्यंत खाली येते. दुव्यांची संख्या आणि जोडलेली केंद्रे तीच असूनही केवळ मार्ग बदलल्याने हा फरक पडतो.

हा धोका केवळ गावपातळीवरचा नाही. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळील समुद्रात दोन महत्त्वाच्या केबल एकापाठोपाठ तुटल्या आणि भारतासह अनेक देशांची आंतरजाल सेवा मंदावली. २०२४ च्या फेब्रुवारीत तांबड्या समुद्रात एकाहून अधिक केबल तुटल्याने आशिया आणि युरोप यांमधील वाहतुकीस फटका बसला. मालकी वेगळी आणि नावे वेगळी असूनही या केबल एकाच अरुंद सागरी वाटेवर अवलंबून होत्या. उमेळ्याची मोरी आणि तांबडा समुद्र यांच्या आकारमानात अफाट अंतर असले तरी दोहोंमागील तत्त्व एकच आहे.

जनुकीय अल्गोरिदमचे खरे सामर्थ्य या ठिकाणी प्रत्ययास येते. अचूक सूत्रांवर आधारलेल्या अनेक पद्धती स्वतंत्रतेचे गृहीतक काढून घेताच अडखळतात. जनुकीय अल्गोरिदमला मात्र योग्यता कोणत्या सूत्राने मोजली याच्याशी कर्तव्य नसते. त्याला फक्त मोजलेला आकडा हवा असतो. त्यामुळे मॉन्टे कार्लो चाचणीत प्रत्येक दुव्यासाठी नाणेफेक करण्याऐवजी प्रत्येक मोरीसाठी, प्रत्येक पुलासाठी आणि प्रत्येक वीजवाहिनीसाठी नाणेफेक करावी. ती बाधित झाल्यास तिच्यावर विसंबलेले सर्व दुवे एकदम तुटले असे मानावे. एका जोडीसाठी एकाहून अधिक वाटा उपलब्ध असल्यास प्रत्येक वाटेला गुणसूत्रात स्वतंत्र स्थान द्यावे. निवड, संकर आणि उत्परिवर्तन यांच्या यंत्रणेत काहीही बदल करावा लागत नाही.

८. एक उत्तर की पर्यायांची मालिका

खर्च आणि विश्वसनीयता यांना एकाच आकड्यात कोंबण्याऐवजी दोन स्वतंत्र उद्दिष्टे मानणे अधिक प्रामाणिक ठरते. या दिशेने भारतीय संशोधनाचे योगदान मोलाचे आहे. आयआयटी कानपूर येथे कल्याणमय देब आणि त्यांचे सहकारी अमृत प्रताप, समीर अग्रवाल व टी. मेयारिवन यांनी विकसित केलेला आणि २००२ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झालेला एनएसजीए-२ हा बहुउद्दिष्ट जनुकीय अल्गोरिदम जगभर वापरला जातो.

या पद्धतीत अंतिम फलित म्हणून एकच रचना मिळत नाही. ज्यांपैकी कोणत्याही रचनेत खर्च वाढविल्याशिवाय विश्वसनीयता वाढविता येत नाही, अशा रचनांची मालिका मिळते. इटालियन अर्थतज्ज्ञ विल्फ्रेदो पारेतो यांच्या नावावरून तिला पारेतो सीमा म्हणतात. निर्णय घेणाऱ्या संस्थेसमोर ही मालिका ठेवल्यास सुरक्षिततेची किंमत उघडपणे दिसते. आणखी किती रुपये खर्च केल्यास कोणते गाव एकाकी पडण्याचा धोका किती कमी होईल, हे आकड्यांत सांगता येते. संपूर्ण जाळ्याची सरासरी विश्वसनीयता उत्तम असूनही टोकावरील एखादे गाव सतत वाऱ्यावर सोडले जाऊ शकते. म्हणून सर्वाधिक असुरक्षित केंद्राचा धोका हे तिसरे उद्दिष्ट मानणे इष्ट होय.

९. मर्यादा

जनुकीय अल्गोरिदम सर्वोत्तम उत्तराची हमी देत नाही. बऱ्याच वेळा ते उत्तमाच्या जवळ पोहोचते, पण किती जवळ हे स्वतः सांगू शकत नाही. लहान प्रश्नांत सर्व रचना तपासणे अथवा पूर्णांक प्रोग्रामिंगसारख्या अचूक पद्धती वापरणे अधिक श्रेयस्कर ठरते. सहा केंद्रांच्या उदाहरणासाठी जनुकीय अल्गोरिदमची गरजच नाही, त्याचा उपयोग येथे केवळ स्पष्टीकरणापुरता केला आहे. पिढीचा आकार, उत्परिवर्तनाचे प्रमाण आणि दंडाची तीव्रता यांनुसार उत्तर बदलते. त्यामुळे वेगवेगळ्या यादृच्छिक आरंभांनी अनेकदा गणन करून फलिते पडताळणे आवश्यक असते.

याहून महत्त्वाची मर्यादा आदानांची आहे. दुवा चालू असण्याची संभाव्यता ०.९ की ०.९९, हे गणित ठरवीत नाही. ते नोंदींवरून ठरवावे लागते. केंद्रे कधीच बंद पडत नाहीत, असे पूर्वोक्त अभ्यासांप्रमाणे येथेही मानले आहे. वीजपुरवठा गेल्यावर बॅटरी संपताच केंद्र बंद पडते आणि तार शाबूत असूनही संपर्क जातो, हा प्रत्यक्ष अनुभव त्यात आलेला नाही. कोणत्याही गंभीर रचनेत विजेचे जाळे आणि संदेशवहनाचे जाळे यांचा एकत्रित विचार अपरिहार्य आहे.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. सर्वांत स्वस्त जाळे हे रचनेनेच सर्वांत नाजूक असते आणि वलय पूर्ण करणारा पहिला अतिरिक्त दुवा विश्वसनीयतेत सर्वांत मोठी भर घालतो. केंद्रांची संख्या वाढताच सर्व रचना तपासणे अशक्य होते आणि अशा वेळी जनुकीय अल्गोरिदम हे उपयुक्त साधन ठरते. तथापि हे साधन योग्यता-फलनात जे लिहिले आहे त्याचेच रक्षण करते. जे लिहिलेले नाही त्याविषयी ते पूर्णतः अनभिज्ञ असते. दुवे स्वतंत्रपणे तुटतात असे त्यास सांगितले, तर ते तीन तारा एकाच मोरीतून नेण्याची शिफारस निःशंकपणे करील.

कोणती मोरी आधी बुडते, कोणत्या रस्त्यावर भरतीचे पाणी चढते, कोणत्या दोन तारा प्रत्यक्षात एकाच चरात आहेत, हे ज्ञान संगणकशास्त्राच्या ग्रंथांत सापडणार नाही. ते मिठागरात काम करणारे, शेतकरी, मच्छीमार, वीज व दूरध्वनी खात्यांचे तंत्रज्ञ यांच्यापाशी आहे. भूगोल विभागाने पाणी साचण्याच्या जागांचे नकाशे तयार करावेत, संख्याशास्त्र विभागाने बिघाडांच्या नोंदींवरून संभाव्यता काढाव्यात, समाजशास्त्र विभागाने संपर्क तुटल्याचा सर्वाधिक फटका कोणाला बसतो याची पाहणी करावी आणि संगणकशास्त्र विभागाने या सर्वांचे रूपांतर योग्यता-फलनात करावे, असा संयुक्त प्रकल्प परिसरातील महाविद्यालयांना सहज हाती घेता येण्याजोगा आहे. सहा केंद्रांच्या ३२,७६८ रचना विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत एका तासिकेत तपासता येतील आणि येथे दिलेला प्रत्येक आकडा पडताळता येईल. त्यानंतर मोरीचे गृहीतक घालून तेच गणन पुन्हा केल्यास, कागदावरची सुरक्षितता आणि जमिनीवरची सुरक्षितता यांतील अंतर त्यांना स्वतःच मोजता येईल.